निळू फुले : पाटीलकी गेल्यानंतरचा पाटील



निळकंठ कृष्णाजी फुले, म्हणजेच महाराष्ट्राचे निळूभाऊ, पडद्यावर आयुष्यभर गावाचे मालक होते. वाडा त्यांचा, साखर कारखाना त्यांचा, पंचायत त्यांची, फौजदारही त्यांच्याच ओसरीवर चहा पिणारा. पडद्याबाहेर हा माणूस पुण्याच्या एका सामान्य घरातला, काही वर्षे सरकारी संस्थेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाचा सैनिक. ही तफावत एवढ्या वेळा सांगून झाली आहे की तिचे आता सुभाषित झाले आहे : पडद्यावर दुर्जन, जीवनात सज्जन. वाक्य चांगले आहे, खरेही आहे. पण त्याने समजत काहीच नाही. सज्जन माणसे पुष्कळ असतात, त्या सगळ्यांना ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील उभा करता येत नाही. मग फुले यांना तो कसा करता आला? सेवा दलाच्या शाखेवर वाढलेल्या माणसाला सत्ताधाऱ्याची मान, त्याची थुंकी, त्याचे हसू इतके बारकाईने कुठून सापडले?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या क्रमातच आहे. म्हणून क्रमानेच जावे लागते.

त्यांचा जन्म 1930 च्या सुमाराचा, पुण्याचा. घरची परिस्थिती हातातोंडाची गाठ पडेल एवढीच. शिक्षण बेताचे झाले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळी म्हणून नोकरी केली आणि पुढे रोपवाटिका काढायचे स्वप्न पाहिले; भांडवलाअभावी ते राहून गेले. मराठी रंगभूमीच्या दृष्टीने हे बरेच झाले म्हणायचे. माळीकामाचा उल्लेख चरित्रकार सहसा साधेपणाचा दाखला म्हणून करतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या माणसाने हाताखालचा माणूस म्हणून साहेब पाहिले होते. साहेब बागेतून चालताना माळ्याकडे बघतो की त्याच्या पलीकडे बघतो, हे माळ्याला पक्के ठाऊक असते. सत्ता कशी दिसते हे सत्ता गाजवणाऱ्याला कळत नाही, तिच्यापुढे उभे राहणाऱ्याला कळते.

दुसरी शाळा राष्ट्र सेवा दलाची. 1941 पासून एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा दलाची नव्याने बांधणी केली, ती समाजवादी विचारांवर. जातीपातीचा निषेध, श्रमदान, संध्याकाळची शाखा, गाणी. पण या संघटनेचे खरे वैशिष्ट्य तिचे कलापथक. भाषणाला न येणारा माणूस वगाला येतो, हे त्या मंडळींनी फार लवकर ओळखले होते. वसंत बापटांसारखा कवी कलापथकासाठी राबत होता, पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले ते याच परंपरेतून. त्या लोकनाट्यात निळू फुले यांनी रोंगे ही भूमिका केली. पुढे महाराष्ट्राला ठाऊक झालेले दादा कोंडके आणि राम नगरकर हेही याच मुशीतून आले. ही सगळी कष्टकरी घरांतली मुले. नाट्यशास्त्राचा अभ्यास त्यांनी केलेला नव्हता. पण खेडोपाडी पेट्रोमॅक्सच्या उजेडात, हजार माणसांना ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू जाईल असे बोलायचे कसे, हे त्यांना येत होते.

कलापथकाचा वग हा तमाशातून आलेला, पण हेतूने बदललेला प्रकार. तमाशात गण होतो, गौळण होते, बतावणी होते आणि मग वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि सोंगाड्या असतो. राजा डामडौलात बोलतो आणि सोंगाड्या त्याची हवा काढतो. सेवा दलाने या राजाच्या जागी आजचा पुढारी बसवला. बाकी सांगाडा तोच ठेवला. या बदलाने नटावर एक वेगळेच काम येऊन पडले. पुढारी नुसता हास्यास्पद करून भागत नव्हते, कारण समोरच्या प्रेक्षकांनी तो पुढारी सकाळीच पाहिलेला असे. तो ओळखू यायला हवा. म्हणजे निरीक्षण आले. टोपीची कड, उपरणे सावरण्याची पद्धत, कुणाला ‘अहो’ आणि कुणाला ‘अरे’ म्हणायचे याचा हिशेब, सभेत टाळी कुठे घ्यायची याचा अंदाज. ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे वगनाट्य फुले यांच्या याच सुरुवातीच्या काळातले. राजकारणी माणसाचा अभ्यास त्यांनी टीका करण्यासाठी केला होता. नटाच्या बाबतीत ही फार मोठी शिदोरी ठरली : आपण ज्याचा वेष घेतो आहोत त्याच्याविषयी आपले मत काय, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने निळू फुले आणि राम नगरकर ही नावे महाराष्ट्रभर नेली. शंकर पाटील हे कोल्हापूरकडचे कथाकार. गावातल्या माणसाचा डाव, त्याची खोड, एका वाक्यात तीन अर्थ लपवायची सवय, हे त्यांच्या लेखणीत मुरलेले. अशा लेखनाला घाई करणारा नट चालत नाही. वाक्य संपल्यावर दोन क्षण थांबून, समोरच्याला अर्थ शोधू देऊन, मग पुढे सरकणारा नट लागतो. फुले यांच्या बोलण्यातली ती प्रसिद्ध संथ ओढ या लोकनाट्यांच्या मांडवात तयार झाली. पुढे तिची नक्कल करणाऱ्यांना ती आवाजाची लकब वाटली. खरे तर ती प्रेक्षकाला दिलेली सवड होती.

चित्रपट आला तो या मार्गाने. अनंत माने यांनी 1968 मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ काढला आणि त्यात झेले अण्णा ही भूमिका निळू फुले यांना दिली. तेव्हा ते चाळिशीच्या जवळ आलेले. मध्यम बांधा, रुंद नाक, घोगरा आवाज. नायकाच्या मापात काहीच बसत नव्हते. पण झेले अण्णा लोकांनी उचलून धरला आणि तिथून पुढे ग्रामीण चित्रपट निळू फुले यांच्यावाचून पुरा होईना.

इथे थोडे थांबून काळाकडे पाहिले पाहिजे, कारण नटाचे यश फक्त त्याच्या गुणावर उभे राहत नाही. मराठी तमाशापट त्याआधीच भरात होता. अनंत माने यांचा 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला होता. त्या चित्रपटांतही पाटील होताच, पण तो जुन्या चालीचा : घोड्यावरचा, मिशीवर ताव देणारा, गावाचा वतनदार. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी दाखवलेल्या वाटेने सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. आणि नेमक्या याच काळात, 1962 च्या कायद्याने, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली महसुली पाटीलकी रद्द झाली.

गंमत पाहा. कायद्याने पाटील गेला आणि पडद्यावर तो राज्य करू लागला. हे कसे? उत्तर अवघड नाही. वतन गेले, पण माणूस गेला नाही. तो सोसायटीत गेला, कारखान्याच्या संचालक मंडळावर गेला, शिक्षण संस्थेचा अध्यक्ष झाला. पूर्वी त्याच्या अधिकाराला बापजाद्यांचा आधार होता, आता मतपेटीचा आधार आला. सहकाराने अनेक तालुक्यांत दवाखाने, शाळा, पाणी आणि पैसा आणला हे खरेच आहे. ते नाकारून हा विषय समजणार नाही. पण त्याच व्यवस्थेत उसाची तोड कुणाची आधी आणि कुणाची नंतर हे ठरवणारा एक माणूस तयार झाला. ऊस शेतात वाळत असताना ज्याच्या एका चिठ्ठीवर वर्ष अवलंबून असते, त्याला काठी उगारावी लागत नाही. त्याला नुसते हसावे लागते.

ते हसणे निळू फुले यांनी पडद्यावर आणले. त्यांच्या आधीच्या खलनायकाला वाईटपणा दाखवावा लागे. डोळे वटारावे लागत, आवाज चढवावा लागे. फुले यांचा पाटील आवाज खाली आणतो. तो बसलेला असतो, उभा समोरचा असतो. तो समोरच्याकडे सरळ बघत नाही. आधी तिरक्या नजरेने अंदाज घेतो, मग दुसरीकडे पाहत बोलतो, आणि वाक्याच्या शेवटी नजर परत आणतो. धमकी शब्दांत नसतेच. चौकशी असते : मुलगी कितवीला आहे, विहिरीला पाणी किती, म्हातारीचे दुखणे काय म्हणते. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्या घरातले सगळे या माणसाला माहीत आहे. हात फार हलत नाहीत. धोतराचा सोगा, पानाची देठे, टोपी. या लहान वस्तूंशी बोटे खेळत राहतात. मोठ्या माणसाला घाई नसते हे त्यातून कळते.

गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्ष समोर पाहून बोटे मोडत, शिव्या घालत, हे पुष्कळांनी सांगितले आहे. नटाला मिळालेली पावती म्हणून हा किस्सा रंगवला जातो. पण त्या बायका अडाणीपणाने नट आणि भूमिका यांत गल्लत करत होत्या, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. ज्याला शिव्या घालता येत नाहीत असा कुणीतरी त्यांच्या गावात होता. त्याच्या चेहऱ्याचा एक माणूस सुरक्षित अंतरावर सापडला होता, एवढाच त्याचा अर्थ.

1972 हे वर्ष या कारकिर्दीत वेगळे काढावे लागते. त्या वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये ते डॉ. श्रीराम लागू आणि संध्या यांच्याबरोबर होते. पण खरी घटना रंगभूमीवर घडली. विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये सखारामची भूमिका त्यांनी केली. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे, चंपा लालन सारंग. सखाराम हा छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा, जन्माने ब्राह्मण, घरातून पळालेला, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिवराळ, आणि स्वतःच्या मते अत्यंत प्रामाणिक माणूस. सेन्सॉरने नाटकावर बंदी घातली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयात निकाल नाटकाच्या बाजूने लागला. या गदारोळात नटाच्या कामाची चर्चा मागे पडली. तमाशापटातला नट तेंडुलकरांना कसा पेलणार, असा प्रश्न तेव्हाच्या नाट्यवर्तुळात पडणे साहजिक होते. फुले यांनी सखाराम ना राक्षस केला, ना बंडखोर नायक. मृदंग वाजवणारा, घरातल्या बाईला नियम वाचून दाखवणारा, आणि चंपापुढे हळूहळू गळून पडणारा पुरुष त्यांनी दाखवला. पाटलाच्या भूमिकांत सत्ता बाहेरून येत होती. इथे चार भिंतींतली सत्ता होती, दोन खोल्यांपुरती, पण जात तीच. नाटकाचा प्रयोग संपला की संपतो. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या बोलण्यात तो उरला. ही मराठी अभिनयाच्या इतिहासातली मोठी हानी आहे आणि तिच्यावर उपाय नाही.

आता ‘सामना’. निळू फुले यांच्याविषयी बोलताना याच चित्रपटाशी सर्वांत जास्त वेळ थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे. निर्माते रामदास फुटाणे, दिग्दर्शक जब्बार पटेल, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकर यांची, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. 1975 मध्ये तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेत होता, आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. कथेत दोनच माणसे महत्त्वाची. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. आणि त्याच्या गावात येऊन पडलेला एक दारुडा, म्हातारा मास्तर. एकेकाळचा ध्येयवादी, आता पार उद्‌ध्वस्त. मास्तर डॉ. लागू. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आपले साम्राज्य दाखवतो. मास्तर सगळे पाहतो, पितो, आणि एकच प्रश्न विचारत राहतो : मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले?

हिंदुराव त्या मास्तराला ठेवून का घेतो? हाकलून द्यायला एक इशारा पुरला असता. तेंडुलकरांच्या पटकथेचा कणा या प्रश्नात आहे आणि फुले यांच्या अभिनयाचाही. हिंदुरावाला साक्षीदार हवा आहे. त्याच्याभोवती होयबा पुष्कळ आहेत, पण त्यांच्या कौतुकाला किंमत नाही, कारण ते त्याचे मिंधे आहेत. मास्तर त्याचे काहीच लागत नाही. अशा माणसाने आपले कर्तृत्व पाहावे, मान डोलवावी, ही त्याची भूक आहे. फुले यांनी ही भूक फार नाजूकपणे दाखवली. कारखाना दाखवताना हिंदुरावाच्या चेहऱ्यावर नुसती मगरुरी नाही. प्रगतिपुस्तक घेऊन बापासमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखी एक अपेक्षा आहे. आणि मास्तर दाद द्यायच्या ऐवजी कांबळेचे नाव घेतो तेव्हा रागाच्या आधी येतो तो हिरमोड. राग कुणालाही दाखवता येतो. हिरमोड दाखवल्याने हिंदुराव माणूस झाला, आणि माणूस झाल्यामुळे तो जास्त भयंकर झाला.

लागू आणि फुले यांच्या अभिनयपद्धतीतला फरक या चित्रपटात कामी आला. लागू हे डॉक्टर, आधुनिक प्रायोगिक रंगभूमीवर तयार झालेले, भूमिकेचा बुद्धीने विचार करणारे. फुले वगातून आलेले, समोरच्या नटाच्या बोलण्यावर तिथल्या तिथे उत्तर देण्याची सवय असलेले. मास्तर बोलतो तेव्हा हिंदुराव नुसता ऐकत नाही. तो ऐकता ऐकता या माणसाची किंमत ठरवत असतो. दोघांच्या प्रसंगांत कॅमेरा कुणावर आहे याने फारसा फरक पडत नाही. दुसरा बाहेर असूनही हजर असतो. आणि ज्या नटाला केवळ ढंगाचा नट म्हणून ओळखले जात होते, त्याने तो ढंग जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवला. हिंदुरावाचे धोतर तेच, टोपी तीच, खुर्ची तीच. पण बारा चित्रपटांत ठोकळा होऊन बसलेल्या पाटलाच्या आत काय असते, हे प्रेक्षकाने इथे पहिल्यांदा पाहिले. व्यावसायिक चित्रपटांनी जो साचा तयार केला होता, त्याच साच्याच्या बळावर ‘सामना’ने त्याला तडा दिला. आधीचे चित्रपट नसते तर हिंदुराव एवढा चटकन ओळखीचा वाटला नसता. ही गोष्ट त्या चित्रपटांच्या पदरातही टाकायला हवी.

1977 च्या ‘जैत रे जैत’चा उल्लेख धावता करून पुढे जाता येईल. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा हा जब्बार पटेल यांचाच चित्रपट, ठाकर समाजातला. नायक नाग्याच्या भगत बापाची भूमिका फुले यांनी केली. भूमिका लहान, पण वाड्यातून त्यांना डोंगरात नेणारी, एवढे तिचे महत्त्व.

‘सिंहासन’ मात्र वेगळा. 1979 चा हा चित्रपट अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिला. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे लागू, आणि हे सगळे राजकारण जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. भूमिकांचे वाटप बघितले तरी दिग्दर्शकाची नजर कळते. सत्तेचा सर्वांत मोठा नट सत्तेच्या खुर्चीत बसवलेला नाही. त्याला कोपऱ्यात उभे केले आहे, हातात वही देऊन. दिगूला चित्रपटभर फारसे काही करायचे नाही. तो ऐकतो. मंत्री त्याच्याशी बोलतात, कामगार पुढारी बोलतात, दलाल बोलतात. तो सिगरेट ओढत ऐकतो आणि आतल्या आत साचत जातो. नटाच्या दृष्टीने याहून कठीण काम नाही, कारण टाळ्यांचे वाक्य एकही नाही. शेवटी मुंबईच्या रस्त्यावर तो वेड्यासारखा हसत सुटतो. पाटलाचे हसणे ज्याने महाराष्ट्राला ओळखीचे करून दिले, त्याच नटाचे हे दुसरे हसणे, बळ नसलेल्याचे.

एवढ्या उंचीवर गेलेल्या नटाला पुढे काय मिळाले? खरे सांगायचे तर तोच वाडा. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत त्यांनी चित्रपटांची रांग लावली. त्यांतले अनेक चित्रपट कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत, अनुदानाच्या आणि जत्रेच्या हिशेबावर झटपट निघालेले. कथेत तमासगीर बाई, भोळा नायक, आणि दुष्ट सरपंच ठरलेला. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’पासून अनेक विनोदी चित्रपटांतही ते होते, आणि विनोदात त्यांचा हात किती हलका होता हे त्यातून कळते. पण बहुतेक ठिकाणी त्यांना बोलावले जाई ते त्यांनी आधी केलेले पुन्हा करण्यासाठी. पाटलाच्या ज्या चित्रात एका वर्गाची परखड टीका होती, ते चित्र घासून घासून गुळगुळीत झाले. टीकेतला वर्ग निघून गेला, उरली लकब आणि बाईवरची वाकडी नजर. ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य आज पोराटोरांच्या तोंडी आहे. ते नेमके कोणत्या चित्रपटातले, हे ठामपणे सांगणारा मात्र विरळा. नकलाकारांनी एका नटाची चाळीस वर्षे एका वाक्यात बसवली. त्यात नकलाकारांचा दोष कमी. त्यांनी पडद्यावर वारंवार दिसले तेच उचलले. दोष असलाच तर अशा नटासाठी नवे लिहू न शकलेल्या चित्रपटसृष्टीचा. लेखक भेटला तेव्हा हा नट कुठवर जातो हे ‘सामना’ने दाखवून दिले होते. पण तेंडुलकर दर वर्षी भेटत नाहीत.

चरित्रनटाची ही अडचण जुनीच आहे. नायक बदलतो, नायिका बदलते. चरित्रनट ओळखीचा राहावा अशीच निर्मात्याची अपेक्षा असते. प्रेक्षकही त्या ओळखीचेच पैसे देतो. निळू फुले यांनी याविषयी तक्रारीचा सूर फारसा लावला नाही. चित्रपट हे पोटाचे काम आणि नाटक-चळवळ हे आवडीचे, अशी विभागणी त्यांच्या वागण्यात दिसते.

हिंदी चित्रपटांनी त्यांना बोलावले, पण मोजकेच वापरले. 1983 च्या ‘कुली’त ते होते. 1984 च्या महेश भट यांच्या ‘सारांश’मधला गजानन चित्रे मात्र नीट पाहण्यासारखा आहे. मुंबईतला राजकारणी, मुलाने केलेल्या गोष्टीवर पांघरूण घालायला निघालेला बाप, आणि समोर अनुपम खेर यांचा निवृत्त शिक्षक. पुन्हा एकदा मास्तर आणि सत्ताधारी. ‘सामना’च्या नऊ वर्षांनंतर हिंदुरावाने धोतर सोडून शहराची वाट धरली तर तो कसा दिसेल, याचे उत्तर जणू चित्रेच्या रूपाने मिळाले. हिंदीत बोलतानाही फुले यांनी आवाज खालीच ठेवला.

रंगभूमीवर त्यांना दिलेली एक भूमिका या सगळ्याची दुसरी बाजू दाखवते. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी आप्पाजी केले : स्वातंत्र्यलढ्यातला गांधीवादी म्हातारा, ज्याचा मुलगा आता सत्तेत आहे. म्हणजे ‘सामना’त ते ज्याच्या समोर बसले होते, तो पक्ष आता त्यांच्याकडे आला. ज्यांना ते केवळ वाड्यावरचे ठाऊक होते त्यांना आप्पाजी पाहून धक्का बसला असेल. सेवा दलातल्यांना बसला नसावा. साने गुरुजींच्या आणि एस. एम. यांच्या पिढीतली अशी माणसे फुले यांनी जवळून पाहिली होती. त्यांचा ताठा, त्यांचे एकटेपण, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांच्या हाती काय उरले हे फुले यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 1991 मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला.

चळवळीतले त्यांचे काम थोडक्यात सांगून चालण्यासारखे नाही, पण इथे त्याचा अभिनयाशी जेवढा संबंध तेवढेच पाहू. सामाजिक कामाला वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत नटांचा संच घेऊन गावोगाव झाले, डॉ. लागू आणि निळू फुले त्यात पुढे होते. डॉ. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर हे या कामातले सहकारी. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरही फुले आणि लागू ही जोडी महाराष्ट्रभर हिंडली. सभेला गर्दी होई ती पडद्यावरचा पाटील बघायला, हे फुले जाणून होते आणि त्याचा उपयोग करून घेत. माणसे जमली की हा पाटील त्यांना पाटलाचे ऐकू नका असे सांगे. कलापथकाच्या दिवसांत वग जे काम करत होता, ते आता त्यांचा चेहराच करू लागला होता. पैशाच्या बाबतीत ते काटेकोर नव्हते. मागणाऱ्याला दिले, बुडवणाऱ्याच्या मागे लागले नाहीत. गुण म्हणावा की व्यवहारातले दुर्लक्ष, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शेवटच्या वर्षांत भूमिका कमी झाल्या, प्रकृतीही साथ देईना. अन्ननलिकेच्या कर्करोगाने 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक त्याच वर्षी आला. त्याचा विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या. झेले अण्णाच्या गावात भानगडी बारा होत्या, पण शेती कसून माणूस जगत होता आणि पाटलाशी भांडायला त्याच्यात जोर होता. चार दशकांनंतरच्या या गावात कर्ज आहे, कोरडा हंगाम आहे, आणि ज्याच्यावर बोट ठेवून हा दोषी म्हणता येईल असा वाड्यावरचा माणूस सापडणे कठीण झाले आहे. निळू फुले यांनी काम केलेल्या चित्रपटांच्या एका टोकाला 1968 चे गाव आहे आणि दुसऱ्या टोकाला हे.